डाव्या खांद्याचं माप

"आता त्यांच्या नाकाला हात लावू नका हो. महिना झाला चिमटताय. जिवंत होते तोवर त्या नाकाकडे बोट दाखवायची कुणाची टाप नव्हती, आणि तुम्ही रोज पिळताय!"

"मग करू काय, मास्तर? वहिनी येतात, बघतात, म्हणतात नाक चुकलंय. मी बारीक करतो. परत येतात, म्हणतात नाकच चुकलंय. मी जाड करतो. आता आरशात बघितलं की माझंच नाक चुकलंय असं वाटायला लागलंय मला."

"ते चुकलेलंच आहे. तपकीर कमी करा."

बोलणारी शिंपीण होती आणि ऐकून घेणारा पुतळे करणारा म्हातारा. दुकान शिंपिणीचं, पोलीस ठाण्याच्या फाटकासमोर. दुपारची जेवणं आटपली होती. खिडकीतून आलेलं ऊन कापायच्या टेबलावर लांबलचक पसरलं होतं आणि त्यात खडूची धूळ इतकी सावकाश फिरत होती की बघणाऱ्यालाही अंग हलकं झाल्यासारखं वाटावं.

पुतळा होता फौजदारांचा. तीन वर्षांपूर्वी नाक्यावर एक लॉरी अडवताना ते गेले. ठाण्यातल्या लोकांनी मनावर घेतलं की अंगणात त्यांचा पुतळा बसवायचा, पुरा, उभा, दोन्ही हात बाजूला सोडलेला, सावधानमध्ये. मातीचं काम होत आलं होतं. शनिवारी सकाळी ओतकामाची माणसं साचा घ्यायला येणार होती. एकदा साचा घेतला की माती गेली आणि धातू आला. मग जे चुकलं ते कायमचं चुकलं. आणि फौजदारांच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, तो पुतळा आपल्या माणसाचा वाटतच नव्हता.

"नाक फोटोवरून केलंत ना?" मास्तरनं विचारलं.

"सात फोटोंवरून. पण फोटो सगळे छातीपर्यंतचे, तेही समोरून, फलकासाठी काढलेले. अंगाचा अंदाज कुठून घेणार? म्हणून वहिनींकडून युनिफॉर्म मागून आणला, तुमच्याच हातचा. लाकडी धडावर चढवला आणि त्याबरहुकूम माती लावली. तसूभर इकडची तिकडे नाही. डावा खांदा वर दिसला, तर वर घेतला."

मशीनच्या चाकावरचा मास्तरचा हात थांबला.

"किती वर?"

"असेल पाऊण इंच. तुम्हाला काय सांगायचं, कपडे तुम्हीच शिवत होता की."

"हां," मास्तर म्हणाली, आणि तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच. चाक फिरवलं, पायानं पट्टी दाबली, मशीन टकटकत सुटलं. हातभर शिवण झाल्यावर तिच्या ध्यानात आलं की सुईत दोराच नव्हता.

मास्तर म्हटलं की गळ्यात टेप टाकलेला मिशीवाला बाप्या डोळ्यांपुढे येतो. तसा एक होता, तिचा बाप. त्यानं तीस वर्षं ठाण्याचे युनिफॉर्म शिवले. तो गेला, पाटी तशीच राहिली, आणि ठाण्याच्या तोंडात बसलेली 'मास्तर' ही हाक खुंटीवरच्या कोटासारखी लेकीच्या अंगावर आली. सुरुवातीला जरा सैल झाली. मग बसली. आता पन्नाशी उलटून गेलेल्या या बाईला कुणी ताई म्हणालं तर ती मागे वळून बघते, कुणाला हाक मारतायत म्हणून.

बापानं दिलं काय, तर एक जड कात्री, एक खुरडणारं मशीन आणि एक शिस्त. माप घेताना माणूस उघडा पडतो, तो म्हणायचा. कितीही मोठा साहेब असू दे, टेप लावली की श्वास ओढून पोट आत घेतो, म्हणजे त्याला तुझी भीती वाटली. तेव्हा दिसेल ते वहीत खुणेनं लिहायचं, तोंडानं काढायचं नाही. त्याच्या खुणा ठरलेल्या होत्या. सुटलेल्या पोटाला टिंब, वाकलेल्या पाठीला अर्धा चंद्र, उतरत्या खांद्याला तिरकी रेघ. मास्तरनं त्याच पुढे चालवल्या. ठाण्यात नऊ जणांच्या मापापुढे टिंब होतं, हवालदाराच्या पुढे दोन. अर्धे चंद्र तीन. तिरकी रेघ एकच, आणि ती चौदा वर्षं दर पानावर नव्यानं ओढली गेली होती.

फौजदार बदली होऊन आले तेव्हा ठाण्यात हजर व्हायच्या आधी या दुकानात आले. हातात पत्र्याची पेटी, बुटांवर प्रवासाची धूळ. दारात उभे राहून आधी आत कुणी आहे का ते बघितलं, मग म्हणाले, "मास्तर कुठायत?"

"समोर उभ्या आहेत."

माणूस जरा गडबडला. बाईपुढे सदरा काढावा की न काढावा, या विचारात पेटी एका हातातून दुसऱ्या हातात दोनदा गेली. शेवटी बनियनवर उभे राहिले. आणि मास्तरला दिसलं. डावा खांदा उजव्यापेक्षा पाऊण इंच उतरलेला. लहानपणी माळ्यावरून पडले होते. गावच्या हाडवैद्यानं गळ्याखालचं हाड बसवलं, ते आखूडच बसलं. ताकद कुठे कमी नव्हती, दोन पोती उचलतील असा गडी. पण उभा राहिला की डावीकडे कललेला दिसायचा.

"शिकाऊ होतो तेव्हा कवायतीच्या मास्तरांनी मला तराजू नाव ठेवलं," फौजदार भिंतीकडे बघत म्हणाले होते. "पहिल्या ठाण्यात मी पोचायच्या आधी नाव पोचलं. दुसऱ्या ठाण्यात एक पाकीटमार मला तराजूसाहेब म्हणाला, आणि मी त्याला धरून ठेवायचं सोडून लाजलो. इथे कुणाला माहीत नाही. इथे मला सरळ उभं राहायचंय. होईल का काही?"

"होईल. खांद्याला कापड दुहेरी असतंच. दोन पदरांच्या मध्ये भर घालते. वरून कुणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि तुम्ही?"

"मी काय?"

"बोलणार नाही ना कधी?"

"साहेब, मी बोलायला लागले तर उद्यापासून अर्धं ठाणं तयार कपडे बाजारातून घेईल. मला पोट आहे."

तेव्हा ते हसले. मग पुन्हा गंभीर होऊन म्हणाले, "तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही हे. ध्यानात ठेवा."

जुन्या ब्लँकेटची जाड लोकर, तिला वरून कॉलरला घालतात ते ताठ बुक्रम, कडा निमुळत्या तासलेल्या. एका शर्टाला एक दुपार त्या खांद्यातच जायची. चौदा वर्षं, वर्षाला दोन जोड. फौजदार ठाण्याच्या अंगणात उभे राहायचे तेव्हा भिंतीला लावलेल्या फळीसारखे सरळ दिसायचे. मास्तर खिडकीतून बघायची आणि मनातल्या मनात स्वतःच्या पाठीवर थाप मारायची. बोलणं फारसं नव्हतं दोघांत. ट्रायलला यायचे, उभे राहायचे, ती टाचण्या तोंडात धरून भोवती फिरायची. टाचण्या तोंडात असल्या की बाईला बोलता येत नाही आणि समोरच्याला हलता येत नाही, असा तो निवांत प्रकार. त्या अर्ध्या तासात रस्त्यावरचे आवाज लांब गेल्यासारखे वाटायचे. एकदा उभ्या उभ्या फौजदारांना डुलकी लागली होती.

ते गेले तो दिवस मात्र लख्ख होता. सकाळचे दहा. नाक्यावर आडवा बांबू टाकलेला, लॉरीनं तो मोडला. पुढे एक शिपाई उभा होता, फौजदारांनी त्याला ढकलून बाजूला केलं. एवढंच. दवाखान्यात अंगावरचा शर्ट कापून काढावा लागला. दुपारी हवालदार दुकानात आला, टोपी हातात, आणि म्हणाला, "मास्तर, साहेबांना संध्याकाळच्या सलामीला नवा जोड लागेल. घरचे सगळे जुने आहेत." मास्तरनं माप विचारलं नाही. चार तासांत जोड शिवला. निजलेल्या माणसाचा खांदा उतरत नाही, दोन्ही जमिनीलाच टेकतात, हे तिला कळत होतं. तरी तिनं डाव्या खांद्यात लोकर घातली, बुक्रम घातलं, कडा तासल्या. बाप असता तर म्हणाला असता, कापड वाया घालवतेस.

आणि आता हे असं झालं होतं. म्हाताऱ्यानं तो भरलेला खांदा सरळ लाकडी धडावर चढवला होता. वाकड्याला सरळ करणारी भर सरळावर चढली की ते वाकडंच होणार, तेही उलटीकडून. चौदा वर्षं जो खांदा तिनं झाकून वर उचलला, तो आता तिच्याच कसबामुळे डोंगरासारखा वर चढून बसला होता.

गुरुवारी मास्तर म्हाताऱ्याच्या शेडमध्ये गेली. बरोबर हवालदार होता. शेडमध्ये ओल्या मातीचा गार वास. वरच्या काचेतून उजेड दुधासारखा खाली यायचा. अर्धवट माणसं उभी होती, कुणाला हात नाही, कुणाला डोकं नाही. त्यांच्यामधून वाट काढत गेलं की शेवटी, ओली फडकी पांघरून, फौजदार.

म्हाताऱ्यानं फडकी काढली. तोंडवळा हुबेहूब होता. भुवया त्यांच्याच, हनुवटीवरची खळी त्यांचीच. पण उभं राहणं दुसऱ्या कुणाचं होतं. डावा खांदा वर, मान त्यामुळे जरा उजवीकडे, जणू समोरच्याला वरून खालून न्याहाळतोय.

"साहेब असे कधीच उभे राहिले नाहीत," हवालदार हळूच म्हणाला. "हा तर गाडी अडवून म्हणतोय, कागदपत्रं राहू दे, दुसरं काय आहे ते दाखव."

"हळू बोला."

"नाकामुळे असं होतंय का हो?"

"असेल," मास्तर म्हणाली. दुसरं काय म्हणणार? खांदा खाली घ्या म्हटलं की किती, असं विचारणार. किती सांगितलं की का, असं विचारणार. हवालदाराच्या पोटात गोष्ट राहिली तर ती ठाण्यातली पहिलीच. शनिवारी साचा, सोमवारपर्यंत सगळ्या ठाण्याला कळणार की साहेब तिरके होते. ज्या एका गोष्टीसाठी तो माणूस धुळीच्या बुटांनी आधी तिच्या दारात आला, तीच त्याच्या पुतळ्याबरोबर अंगणात उभी राहणार. आणि गप्प बसावं, तर हा उद्धट परका माणूस जन्मभर तिच्या खिडकीसमोर.

शुक्रवारी सकाळी वहिनी दुकानात आल्या. पडद्याचं कापड घेऊन आल्या होत्या, पण ते निमित्त. स्टुलावर बसून त्यांनी कापडाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"पडदे किती लांब?" मास्तरनं विचारलं.

"खिडकीएवढे."

"हे छान सांगितलंत."

वहिनी हसल्या नाहीत. "मास्तर, उद्या साचा घेणार. नाक अजून..."

"वहिनी," मास्तर कात्री खाली ठेवत म्हणाली, "नाक बरोबर आहे. तुम्हालाही माहीत आहे."

भिंतीवरचा पंखा खुरखुरत फिरत होता.

"आहे बरोबर," वहिनी शेवटी म्हणाल्या. "पहिल्या दिवसापासून बरोबर आहे. दुसरं काय सांगू त्या बिचाऱ्याला? जे चुकलंय ते बोलायचं नाही, अशी शपथ घातलीय मला."

"कुणी?"

"कुणी म्हणजे? ह्यांनीच. लग्न झालं त्याच महिन्यात. म्हणाले, तुझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही."

मास्तरनं कपाळाला हात लावला. "मलाही हेच म्हणाले होते."

"तुम्हाला?" वहिनी ताठ झाल्या. "अहो, मी शर्ट धुवायची. डावा खांदा वाळायचाच नाही, बाकी शर्ट कडक आणि तिथे ओल. दाबून बघितलं तर आत लोकर. विचारलं तर म्हणाले, मी स्वतः भरली, मास्तरला पत्ता नाही."

"स्वतः? साहेबांनी?"

"मी पण तेच म्हटलं मनात. हा माणूस बटण लावायला बसला की बटण टेबलक्लॉथला शिवून ठेवायचा. याच्यानं लोकर कशी भरली? पण म्हटलं, असेल. पुरुषांना इरेला पेटल्यावर जमतं कधी कधी."

"लबाड," मास्तर म्हणाली.

"पक्के लबाड," वहिनी म्हणाल्या, आणि दोघी हसायला लागल्या. हसणं थांबेना, डोळ्यांना पाणी आलं, मास्तरनं पडद्याच्याच कापडाला डोळे पुसले. एवढी वर्षं दोघी रस्त्यात भेटल्या की हवापाण्याचं बोलायच्या आणि दोघींच्या पोटात तेच एक गाठोडं, तीच गाठ मारलेलं.

मग वहिनी गंभीर झाल्या. "बरं झालं तुम्हाला माहीत आहे ते. आता सांगा त्या म्हाताऱ्याला. खांदा उतरवा म्हणावं, जसा होता तसा. मला माझा माणूस पाहिजे तिथे."

"तसं नाही सांगता येणार."

"का?"

"त्यांना सरळ उभं राहायचं होतं, वहिनी. त्यांनी माझ्याकडून तेवढंच मागितलं."

"जिवंत असताना! आता कोण हसणार त्यांना? नाक्यावर जो माणूस गेला त्याला कोण तराजू म्हणणार?"

"म्हणणारे म्हणतात. हसणार नाहीत, पण म्हणतील. 'बिचारे, खांदा असा होता तरी...' असं. त्यांना हे बिचारे सोसलं असतं?"

वहिनी उठल्या. "तुम्हाला तुमच्या शिवणीची पडलीय. चौदा वर्षं सरळ केलात, तो सरळच राहिला पाहिजे. माझ्या घरात जो माणूस होता तो सरळ नव्हता, मास्तर. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहायचे ना, तेव्हा मला झोपेतून उठल्या उठल्या नुसत्या सावलीवरून कळायचं, हेच आहेत. तीन वर्षं झाली. चेहरा फोटोत आहे. ते उभं राहणं कुठेच नाही, फक्त माझ्या डोक्यात, आणि तेही आता धूसर व्हायला लागलंय. तो पुतळा तसा झाला तर राहील. नाहीतर गेलं."

पडद्याचं कापड तिथेच टाकून त्या निघून गेल्या. चहा आला होता, तो निवत राहिला.

त्या दुपारी मास्तरला काम सुधरलं नाही. ऊन टेबलावर आलं, सरकत सरकत मशीनवर गेलं. रस्ता पेंगुळला. तिनं कोपरावर डोकं टेकलं, आणि डोळा लागला की नाही हे तिला शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नाही, पण फौजदार ट्रायलला आले.

नेहमीसारखे टेबलापाशी उभे राहिले. अंगावर कच्चा शर्ट, पांढऱ्या दोऱ्याचे लांब टाके, एक बाही लावलेली, एक नाही. दार उघडल्याचा आवाज आला नव्हता, पण तिला त्याचं नवल वाटलं नाही. ती टाचण्या तोंडात धरून भोवती फिरायला लागली. खांदे बघितले, समान. पाठ बघितली, सपाट. काम उत्तम झालं होतं. खिडकीतून आलेली धूळ त्यांच्याभोवती तरंगत होती आणि कापायच्या टेबलावर त्यांचे हात... तिनं वाकून बघितलं. उजवा हात टेबलाच्या जरासा वर लोंबत होता, अधांतरी. डाव्या हाताची बोटं कापडाला टेकली होती. ती बोटं कापडाचा पोत बघत होती, गिऱ्हाईक बघतं तशी, आरामात.

रस्त्यावर कुणीतरी फाटक आपटलं. मास्तरनं डोकं वर काढलं. गालावर टेपचे आकडे उमटले होते.

ती उठली आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेले कापड बेतायचे कागदी नमुने काढले. प्रत्येक गिऱ्हाइकाचा एक जुडगा, दोऱ्यात ओवलेला. फौजदारांचा जुडगा तिनं टाकला नव्हता. बाहीचे दोन कागद काढून एकावर एक ठेवले. वरची टोकं जुळवली. खाली मनगटापाशी एक कागद दुसऱ्याखालून डोकावत होता. पाऊण इंच.

बरोबरच होतं. खांद्याला भर घातली म्हणून खांदा वर दिसला, आतला हात थोडाच वर गेला? तो होता तिथंच होता, खाली. म्हणून डावी बाही ती चौदा वर्षं पाऊण इंच लांब कापत आली होती. हाताला ते इतकं सवयीचं झालं होतं की डोक्याला त्याची आठवणच उरली नव्हती. खांदा ठाण्याचा होता. तो तिनं सरळ करून दिला. हात मात्र तिला कधी सरळ करता आला नव्हता आणि ते कधी कुणाला दिसलंही नव्हतं, कारण माणसं खांदे बघतात, छाती बघतात, हात लोंबतात कुठवर हे कोण बघतं?

शनिवारी सकाळी ती आठ वाजताच शेडमध्ये पोचली. ओतकामाची दोन माणसं प्लास्टरची पोती उतरवून बाहेर विडी ओढत बसली होती. म्हातारा फौजदारांसमोर लाकडी कोरणी घेऊन उभा होता, आणि कोरणीचं टोक पुन्हा नाकाकडे निघालं होतं.

"खबरदार," मास्तर म्हणाली. गळ्यातली टेप काढली, फळीवर चढली आणि मातीच्या माणसाचं माप घ्यायला लागली. "कलाकार, इकडे या. हा डावा खांदा पाऊण इंच खाली आणायचा. उजव्याच्या बरोबरीला. दोन्ही समान. ते सरळ होते."

"पण युनिफॉर्म तर..."

"तुमचं लाकडी धड वाकडं असेल."

"चाळीस वर्षं तेच धड वापरतोय मी!"

"मग थकलं असेल. आणि दुसरं. डावा हात पाऊण इंच खाली. कोपर, मनगट, बोटं, सगळं खाली. हात लांब करू नका, आहे तसाच खाली आणा."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग हाताकडे. "खांदे समान आणि हात खालीवर? असं माणसाचं अंग असतं का? लोक म्हणतील म्हाताऱ्याला हात जमत नाहीत."

"लोक हात मोजत नाहीत."

"पण कारण काय?"

"माप तसं आहे," मास्तर म्हणाली.

म्हाताऱ्यानंही आयुष्यभर माणसांची अंगं मातीत उतरवली होती, आणि मापाच्या पलीकडचं विचारायचं नाही हे कदाचित त्यालाही कुणीतरी शिकवलं असावं. त्यानं कोरणी टाकून तार घेतली, खांद्यावरची माती लोण्यासारखी कापून काढली, बाहीखालचा सांधा पाण्यानं भिजवला. तासभर शेडमध्ये फक्त ओल्या मातीचा चपचप आवाज येत होता. खांदा खाली आला तशी मान आपोआप सैल झाल्यासारखी दिसली. हात खाली आला तसा तो मातीचा माणूस कुणाकडे न्याहाळून बघायचा थांबला, आणि नुसता उभा राहिला.

वहिनी आल्या त्या दारापाशीच थांबल्या. रात्रभर झोप नसल्यासारखा चेहरा, कालचा राग अजून ओठांवर. त्यांनी आधी खांदे बघितले. समान. ओठ आणखी घट्ट झाले. मास्तरकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मग नजर खाली उतरत गेली, बाहीवरून, कोपरावरून, आणि बोटांपाशी थांबली.

त्या जवळ गेल्या. डाव्या हाताची मातीची बोटं आणि स्वतःची बोटं, यांच्यामध्ये त्यांनी वीतभर अंतर ठेवलं, ओल्या मातीला धक्का लागू नये म्हणून. मग दोन पावलं मागे सरल्या आणि डोळे बारीक केले, जसे माणूस झोपेतून उठल्यावर करतो.

"बाजारातून यायचे तेव्हा पिशवी याच हातात," त्या कुणालाच उद्देशून नाही अशा बोलल्या. "पिशवीचं बूड रस्त्याला घासायचं. वर्षाला तीन पिशव्या फाटायच्या. मी ओरडायची, हात बदला. एकदाही बदलला नाही."

बाहेरची माणसं पोतं घेऊन दारात आली.

"घेऊ का साचा?" त्यातल्या एकानं विचारलं.

वहिनींनी मास्तरकडे वळून बघितलं. तिच्या खांद्याला लागलेली माती दोन बोटांनी झटकली.

"घ्या," त्या म्हणाल्या.

मास्तर थांबली नाही. प्लास्टरची धूळ बसलेल्या रस्त्यानं ती झपाझप दुकानाकडे आली. दारात बसचा एक ड्रायव्हर ताटकळत उभा होता, कमरेला मागच्या बाजूनं वर्तमानपत्र धरून.

"मास्तर, कुठे होता तुम्ही? गाडीत चढताना फाटली, पार बुडापर्यंत. अकराची गाडी माझी आहे."

"आत या, पडद्यामागे जा आणि काढून द्या. वर्तमानपत्र ठेवा, ते मला नको."

तिनं मशीनवरचं कापड ओढलं, सुई डोळ्यांसमोर धरली, दोरा ओठांत ओला करून पहिल्या फटक्यात ओवला, आणि पडद्यावरून आलेली पँट उलटी करून शिवण शोधायला लागली.